‘त्यात काय एवढं!’ला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘बिलिटल’ हे क्रियापद समजून घेताना

साताऱ्यात राजवाड्याजवळ संध्याकाळी माझा इंग्रजीचा वर्ग असतो. बँकेच्या परीक्षा देणारी, मुलाखतींना निघालेली, बहुतेक मराठी माध्यमातली मुलं येतात. एकदा मी ‘घरातला एक प्रसंग’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. कोरेगावकडच्या एका मुलानं लिहिलं, ‘माय अंकल इन्सल्टेड मी.’ मी विचारलं, काय बोलले चुलते? तो म्हणाला, “मॅडम, इन्सल्ट तसा नाय केला. शिवी नाय, आरडाओरडा नाय. मी पूर्वपरीक्षा पास झालो म्हणून पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, त्यात काय एवढं? ती तर कुणीबी काढतंय. पेढा खाल्ला आणि टीव्ही बघाय लागले.”

त्याला ‘इन्सल्ट’ हा शब्द नको होता. त्याला हवा होता ‘बिलिटल’. हा शब्द परीक्षेच्या समानार्थी यादीत सगळी मुलं पाठ करतात, पण स्वतःच्या वाक्यात आणताना बिचकतात. म्हणून वर्गात ज्या क्रमानं शिकवते, त्याच क्रमानं इथे लिहिते आहे.

पायरी पहिली: शब्द फोडा

स्पेलिंग बी, ई, एल, आय, डबल टी, एल, ई. म्हणजे पुढे ‘बि’ आणि मागे ‘लिटल’. आपल्याकडे ‘बेलिटल’ किंवा ‘बीलिटल’ असे उच्चार ऐकू येतात. जोर ‘लि’वर द्या, ‘बि’ हलका आणि ऱ्हस्व ठेवा: बि-लिटल.

हा पुढचा ‘बि’ जुना इंग्रजी उपसर्ग आहे. तो नाम किंवा विशेषण यांना लागला की अनेकदा ‘तसं करणं’ असा अर्थ तयार होतो. ‘फ्रेंड’पासून ‘बिफ्रेंड’, म्हणजे मैत्री करणं. ‘लिटल’पासून ‘बिलिटल’, म्हणजे लहान करणं.

मराठीतही हीच रीत आहे. ‘हीन’पासून आपण ‘हिणवणं’ केलं. समोरचा हीन असतोच असं नाही, आपण बोलून त्याला तसा ठरवतो. ‘बिलिटल’मध्येही समोरचा लहान नसतो, बोलणारा त्याला लहान करतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती वहीत वेगळ्या शाईनं लिहून ठेवा.

अर्थासाठी मात्र ‘हिणवणं’पेक्षा ‘कमी लेखणं’ जवळचं. ‘हिणवणं’ तोंडावर होतं, त्यात चिडवण्याची धार असते. ‘बिलिटल’ पाठीमागेही होतं, हळू आवाजातही होतं, कधी हसत हसत होतं. शिवाय ‘लेखणं’ या क्रियापदात हिशेब आहे. ‘लेखाजोखा’मधला ‘लेखा’ तोच. वहीत शंभर जमा असताना पन्नास मांडले, तसं हे कमी लेखणं.

पायरी दुसरी: शब्द कुठून आला ते एकदा ऐका

बहुतेक शब्दांच्या जन्मकथा मी वर्गात सांगत नाही, वेळ जातो. ही सांगते, कारण ऐकल्यावर शब्द विसरत नाही.

अठराव्या शतकात ब्युफाँ नावाचे मोठे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेचं हवामान थंड आणि दमट, त्यामुळे तिथले प्राणी युरोपातल्यांपेक्षा लहान आणि दुबळे निपजतात. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांना हे फार लागलं. आपल्या व्हर्जिनिया राज्याची माहिती देणारं एक पुस्तक त्यांनी लिहिलं. ते १७८५ साली पॅरिसमध्ये खासगीरीत्या छापलं गेलं आणि १७८७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात प्राण्यांची वजनं, मापं मांडून त्यांनी ब्युफाँना उत्तर दिलं, आणि अटलांटिकच्या या, म्हणजे अमेरिकेच्या, बाजूला निसर्ग आपली निर्मिती लहान करतो हा ब्युफाँचा सिद्धांत सांगताना ‘बिलिटल’ हे क्रियापद वापरलं. शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात वापर त्यांचाच मानला जातो. एवढ्यावर न थांबता जेफरसन यांनी अमेरिकेतून मूस या प्रचंड हरणाचा सांगाडा, कातडं आणि शिंगं मागवून १७८७ मध्ये ब्युफाँकडे पोचवली.

लंडनच्या एका नियतकालिकानं त्याच वर्षी या नव्या शब्दाची भर छापील मजकुरात टर उडवली. आमच्या भाषेत असला शब्द चालणार नाही, असा सूर होता. शब्द मात्र टिकला. नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशात तो जेफरसन यांच्या नावासह आला. तोवर त्याचा अर्थही सरकला होता, आकारानं लहान करण्याकडून किमतीनं लहान करण्याकडे.

आज आकाराचा अर्थ वापरात नाही. ‘बिलिटल द फोटो’ म्हणजे फोटो बारीक करा, असं होत नाही. वस्तूची किंमत पैशांत उतरवायची तर ‘रिड्यूस’. ‘बिलिटल’ फक्त मानाचा, महत्त्वाचा, कष्टाचा.

पायरी तिसरी: आधी मराठीत ओळखा

इंग्रजी वाक्य जुळवायच्या आधी हे बिलिटल करणं आहे की आणखी काही, हे ठरवा. मी मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगते. लहान कुणी केलं? काय लहान केलं? आणि ती गोष्ट खरोखर त्याहून मोठी होती का?

गोंधळ होतो तिसऱ्या प्रश्नावर. समजा मी एखादीला सांगितलं, ‘तुझ्या निबंधात बारा चुका आहेत.’ बारा असतील तर मी तिला बिलिटल केलेलं नाही, चूक दाखवली. पण मी म्हणाले, ‘हा काय निबंध आहे? चौथीतली मुलं बरं लिहितात,’ तर ते बिलिटल करणं. चुका तितक्याच, पण पहिल्या वाक्यात त्या मोजलेल्या आहेत. दुसऱ्यात मोजणं संपलं आणि माणूस उतरवणं सुरू झालं. या फरकासाठी इंग्रजीत दोन क्रियापदं आहेत, ‘क्रिटिसाइज’ आणि ‘बिलिटल’. ज्यांना शिकवायचं आहे, ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांनी हा फरक जिवापाड जपावा असं मला वाटतं.

उलटही लक्षात ठेवा. कुणी चूक दाखवली म्हणून लगेच ‘ही बिलिटल्ड मी’ लिहू नका. तो त्या माणसावर अन्याय होईल.

मराठी बोलण्यात कमी लेखण्याच्या खुणा पुष्कळ आहेत. ‘त्यात काय एवढं’, ‘कसलं आलंय’, ‘नुसता’, ‘साधा’, ‘म्हणे’. शिवाय आपण शब्दाचं रूपच बदलतो: कवीचा कवडा करतो, कारकुनाचा कारकुंडा. इंग्रजीत ही सोय फारशी नाही. तिथे हे काम ‘ओन्ली’, ‘जस्ट’, ‘मिअर’, ‘सो-कॉल्ड’ असले शब्द करतात. ‘शी इज अ टीचर’ ही माहिती झाली. ‘शी इज जस्ट अ टीचर’ म्हटलं की शिक्षिका लहान झाली. इंग्रजी उताऱ्यात हे शब्द दिसले की पेन्सिलनं खूण करा. लेखकाचा ‘टोन’ विचारला असेल आणि पर्यायांत ‘बिलिटलिंग’ असेल, तर उत्तर अनेकदा याच शब्दांत दडलेलं असतं.

पायरी चौथी: वाक्य बांधा

इथे जास्त वेळ द्या. चुका इथेच होतात.

‘बिलिटल’ सकर्मक आहे. कुणाला किंवा कशाला, हे क्रियापदाच्या लगेच मागून यायलाच हवं, आणि मध्ये कोणतंही शब्दयोगी नको. मराठीत आपण ‘मला कमी लेखलं’ म्हणतो, त्या ‘ला’मुळे इंग्रजीत हात आपोआप ‘टु’ लिहितो. ‘ही बिलिटल्ड टु मी’ चूक. ‘ही बिलिटल्ड मी’ बरोबर. दरवर्षी निम्मा वर्ग हा ‘टु’ घालतो, म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्यावर काट मारते.

दुसरी चूक, मागे ‘दॅट’ लावून अख्खं वाक्य जोडणं. ‘ही बिलिटल्ड दॅट आय पास्ड द एक्झाम’ असं होत नाही. मी पास झालो, या गोष्टीचं आधी नाम करा: ‘ही बिलिटल्ड माय सक्सेस.’ मोठी मराठी वाक्यं इंग्रजीत नेताना ही युक्ती इतर क्रियापदांनाही उपयोगी पडते.

आता कर्म काय असू शकतं ते पाहा. माणूस असतो: ‘डोन्ट बिलिटल युअर यंगर ब्रदर.’ धाकट्या भावाला कमी लेखू नकोस. त्याहून अधिक वेळा माणसाचं काहीतरी असतं, म्हणजे एफर्ट्स, अचीव्हमेंट, कॉन्ट्रिब्यूशन, वर्क, आयडियाज. ‘पीपल ऑफन बिलिटल द वर्क ऑफ फार्मर्स.’ लोक शेतकऱ्यांच्या कामाला अनेकदा कमी लेखतात. अडचण किंवा धोकाही असतो: ‘वुई शुड नॉट बिलिटल द प्रॉब्लेम ऑफ वॉटर इन माण अँड खटाव.’ माण-खटावच्या पाण्याचा प्रश्न किरकोळीत काढू नये. शेवटच्या वाक्यात कुणाचा मान गेलेला नाही, प्रश्नाचं वजन कमी केलं गेलं आहे. हा वापर बरोबर आहे, पण अशा ठिकाणी बातमीची भाषा ‘डाउनप्ले’ जास्त वापरते.

कशानं कमी लेखलं ते सांगायचं तर ‘बाय’ आणि पुढे ‘आयएनजी’चं रूप. ‘शी बिलिटल्ड हिम बाय लाफिंग ऍट हिज ऍक्सेंट.’ त्याच्या उच्चारांना हसून तिनं त्याला कमी लेखलं. कुणादेखत, हे सांगायला ‘इन फ्रंट ऑफ’. ‘द मॅनेजर बिलिटल्ड हर इन फ्रंट ऑफ द कस्टमर्स.’ गिऱ्हाइकांदेखत.

रूपं सोपी आहेत. शेवटचा ‘ई’ फक्त ‘आयएनजी’ लागताना जातो. ‘बिलिटलमेंट’ हे नाम कोशात आहे, पण लिहिण्या-बोलण्यात ते क्वचित भेटतं, तुम्हीही टाळा. त्याऐवजी ‘बिलिटलिंग’ हे विशेषण खूप कामाचं आहे: बिलिटलिंग रिमार्क, बिलिटलिंग टोन. ‘हिज रिमार्क वॉज बिलिटलिंग’ हे वाक्य सरळ, स्वच्छ आणि मुलाखतीतही शोभणारं आहे.

जोडून की तोडून, याचीही काळजी घ्या. ‘डोन्ट बिलिटल’ म्हणजे कमी लेखू नका. मधे जागा पडली आणि ‘बी लिटल’ झालं की अर्थ ‘लहान असू नका’. मोबाइलवर टाइप करताना ही जागा आपोआप पडते, पाठवण्याआधी पाहा.

आणि कर्मणी प्रयोग. ज्याला लागलं त्याच्या बाजूनं बोलायचं तर ‘आय फेल्ट बिलिटल्ड.’ मला कमी लेखलं गेल्यासारखं वाटलं. ‘आय वॉज बिलिटल्ड बाय माय सीनियर’ म्हटलं की ठपका स्पष्ट होतो. पहिलं मनातलं, दुसरं आरोपाचं. कुठलं कधी, ते पुढे सांगते.

पायरी पाचवी: शेजारचे शब्द

सगळी यादी पाठ करू नका. ‘अंडरएस्टिमेट’ आधी वेगळं काढा. तिथे अंदाज चुकलेला असतो, हेतू वाईट असतोच असं नाही. अजिंक्यताऱ्याचा चढ सोपा वाटला आणि अर्ध्या वाटेत दम लागला, तर तुम्ही चढाला ‘अंडरएस्टिमेट’ केलं. कमी धरणं आणि कमी लेखणं यांत जेवढं अंतर, तेवढंच इथे.

‘ह्युमिलिएट’ पुष्कळ जड. पाणउतारा, चारचौघांत मान खाली घालायला लावणं. ‘मॉक’ म्हणजे नक्कल करत, हसत टर उडवणं. ‘लुक डाउन ऑन’ ही मनातली वृत्ती आहे, ‘बिलिटल’ ही त्या वृत्तीतून झालेली कृती किंवा निघालेलं बोलणं. ‘पुट डाउन’ हे बोलीतलं, मित्रांत चालेल, अर्जात नको.

‘डेनिग्रेट’ आणि ‘डिस्पॅरिज’ यांच्यापाशी थोडं थांबते, कारण दोन्हींच्या पोटात आपल्या ओळखीची चित्रं आहेत. ‘डेनिग्रेट’ लॅटिनमधून आलं, मूळ अर्थ काळं करणं. आपण ‘काळिमा फासणं’ म्हणतो, तेच. म्हणून ते नाव आणि कीर्ती यांच्याबद्दल वापरतात, आणि त्यात हेतू खराबच असतो. ‘डिस्पॅरिज’ जुन्या फ्रेंचमधून आलं. त्यात ‘बरोबरीचा’ या अर्थाचा शब्द आहे, आणि मूळ अर्थ होता बरोबरीचं नसलेल्या घरी लग्न लावून देणं. इंग्लंडच्या १२१५ च्या मॅग्ना कार्टात असं कलम आहे की वारसांची लग्नं लावताना त्यांचं असं ‘डिस्पॅरिज’ होऊ नये. तोलामोलाचं स्थळ पाहणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगावं लागत नाही. आज त्याचा अर्थ एखाद्याबद्दल कमीपणाचं बोलणं असा उरला आहे. ‘बिलिटल’पेक्षा ते अधिक औपचारिक, अग्रलेखात आणि न्यायालयीन भाषेत भेटतं.

पायरी सहावी: जिथे हा शब्द पुरत नाही तिथे वापरू नका

राजवाड्याजवळच प्रतापसिंह हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या शाळेत दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या काळाबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे: वर्गात इतरांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ उघडला तरच पाणी.

वर्गात एका मुलीनं यावर लिहिलं, ‘द स्कूल बिलिटल्ड हिम.’ व्याकरण चोख होतं. मी तरी ते खोडलं. लहान मुलाला पाणी नाकारणं हे कमी लेखणं नव्हे. ‘बिलिटल’ म्हटल्यानं इथे झालेला अन्यायच कमी लेखला जातो. इथे ‘डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट’ किंवा ‘डिह्युमनाइज’ हवं. ‘ही वॉज डिनाइड वॉटर’ असं नुसतं घडलेलं सांगितलं तर आणखी चांगलं.

हा शब्द ज्यांच्या लेखणीतून आला त्या जेफरसन यांच्याकडे शेकडो गुलाम होते, आणि ज्या पुस्तकात अमेरिकी प्राण्यांना लहान ठरवल्याचा त्यांना राग आला, त्याच पुस्तकात त्यांनी कृष्णवर्णीय माणसांना बुद्धीनं कमी ठरवणारा मजकूर लिहिला. मूस हरणाचा सांगाडा समुद्रापार पाठवणाऱ्या माणसाला शेजारचा माणूस पुरता दिसला नाही. हे मी मुलांना सांगतेच.

पायरी सातवी: प्रत्यक्ष कुणाला सांगायचं असेल तर

नोकरीत पहिल्या वर्षी ही वेळ बहुतेकांवर येते. माझ्यावरही आली होती. एका मुलाखतीत मी कुठून आले ते सांगितल्यावर समोरच्या माणसानं माझा एक उच्चार मुद्दाम मोठ्यानं परत म्हणून दाखवला आणि बाकीचे हसले. मला त्या वेळी मराठीतही काही सुचलं नाही. म्हणून हा भाग मी मनापासून शिकवते.

वरिष्ठांशी बोलताना ‘यू बिलिटल्ड मी’नं सुरुवात करू नका. समोरचा लगेच बचावात जातो. ‘आय फेल्ट बिलिटल्ड व्हेन माय रिपोर्ट वॉज लाफ्ड ऍट इन द मीटिंग’ असं म्हणा. त्यात काय घडलं आणि मला काय वाटलं, दोन्ही आलं. ‘व्हेन’च्या पुढची घटना गाळली तर वाक्य नुसती तक्रार होऊन बसतं.

लेखी तक्रार असेल तर मात्र ‘फेल्ट’वर भिस्त ठेवू नका. तारीख, जागा, कोण हजर होतं आणि नेमके काय शब्द बोलले गेले, हे आधी लिहा. मग शेवटी, ‘आय फाइंड धिस रिमार्क बिलिटलिंग.’

आणखी एक वाक्य खूप चालतं: ‘आय डोन्ट मीन टु बिलिटल युअर वर्क, बट...’ आपल्या ‘राग मानू नका, पण’चं भावंड. ते बरोबर आहे, पण माझं मत, टाळा. ‘बट’ ऐकताच समोरचा पुढच्या घावाची वाट बघू लागतो. चूक सांगायची आहे ना, ती मोजून सांगा.

आणि स्वतःला

‘बिलिटल युअरसेल्फ’ हा प्रयोग शिकवताना मी मुलांना स्वतःची ओळख करून द्यायला सांगते. ‘आय ऍम ओन्ली फ्रॉम मराठी मीडियम.’ ‘माय फादर इज जस्ट अ फार्मर.’ ‘आय ऍम फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज ओन्ली.’ दर वेळी तेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणून ज्या जिल्ह्यात मुलांना शेतावर राबत शिकवलं, तिथली मुलं वडिलांच्या शेतीपुढे ‘जस्ट’ लावतात, याचं मला फार वाईट वाटतं. मी तो शब्द खोडते आणि वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावते: ‘माय फादर इज अ फार्मर.’ माहिती तेवढीच, पण म्हणताना पाठ सरळ होते.

आज रात्री एवढं करा. गेल्या महिन्यात तुम्हाला कुणी कमी लेखलं असेल तो प्रसंग, आणि तुम्ही कुणाला कमी लेखलं असेल तोही, मराठीत दोन दोन ओळींत लिहा. तीन प्रश्न विचारा. मग प्रत्येकाचं एक इंग्रजी वाक्य करा. दुसरा प्रसंग टाळू नका, तिथे ‘आय’ कर्ता म्हणून येतो आणि क्रियापद हाताला खरं वजन देतं.

कोरेगावच्या त्या मुलानं आपला उतारा पुन्हा लिहून आणला. पहिली ओळ होती: ‘माय अंकल बिलिटल्ड माय सक्सेस, बट ही एट द पेढा.’ ‘बट’च्या जागी मी ‘अँड’ सुचवलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “नाय मॅडम, ‘बट’च राहू दे. पेढा त्यांनी आख्खा खाल्ला.” मी राहू दिलं.